पत्र्याखालचा निळा धूर

मुलीला मुलगा पसंत होता, मला धूर पसंत नव्हता.

बघायला आलेले पाहुणे खाली गाडी काढत होते. पार्किंगच्या पत्र्याखालून निळा धूर येत होता. व्हिडिओ बघूनबघून तज्ज्ञ झालेल्या मी गॅलरीतूनच निकाल दिला, “इंजिन ऑइल जाळतंय. ज्याला गाडी सांभाळता येत नाही, त्याच्या घरी मुलगी द्यायची नाही.”

“अहो, ती आपली गाडी आहे,” बायको म्हणाली. “त्यांच्या गाडीच्या आडवी होती, म्हणून मीच मुलाला किल्ली दिली.”

तेवढ्यात मुलगा किल्ली परत द्यायला वर आला. “काका, ऑइल तेवढं बघून घ्या.”

“हल्ली पेट्रोलच भेसळीचं येतं,” मी म्हणालो.

मुलगी त्याच्यासमोरच म्हणाली, “बाबा, तुमच्या नियमाने तर मला या घरात ठेवणंच चूक आहे.”