वीस अब्ज चांगले जंतू

"पिशवी बाहेर ठेव आणि तू आत ये," श्रीधररावांनी दार अर्धवट उघडून भाचीला सांगितलं.

"मामा, अरे मामीसाठीच आणलंय सगळं." तनया दारातच पिशवी उघडून दाखवायला लागली. गाजर-बिटाची कांजी, घट्ट दह्याचा डबा, कसल्याशा आंबवलेल्या चहाची बाटली.

"दिसतंय. म्हणूनच म्हणतोय, बाहेर ठेव."

आज तिसरा दिवस. परवा वरच्या मजल्यावरचे गृहस्थ वाटीत विरजण घेऊन आले होते. काल सोसायटीच्या ग्रुपवर कुणीतरी 'ताक हेच अमृत' असा दीड पानी मजकूर टाकून खाली श्रीधररावांना टॅग केलं होतं. त्यांच्या बायकोची, मंदाकिनीबाईंची, तिसरी केमोथेरपी होऊन नऊ दिवस झाले होते आणि अख्ख्या वारज्याला त्यांच्या पोटाची काळजी लागली होती.

तनयानं पिशवी चपलांच्या स्टँडवर ठेवली. न सांगता हात धुतले, पण बोलायची थांबली नाही.

"मी कोर्स केलाय मामा, सहा आठवड्यांचा. आपली निम्म्याहून जास्त इम्युनिटी पोटात असते. औषधांनी तिथले चांगले बॅक्टेरिया मरतात. ते परत नको भरायला? एका कॅप्सूलमध्ये वीस अब्ज असतात."

"वीस अब्ज. आणि आमचा टू बीएचके."

"चेष्टा नको ना करू."

"मग नीट ऐक." श्रीधरराव खुर्चीत बसले. हेच ते गेल्या तीन दिवसांत चौथ्यांदा सांगत होते. "तुला, मला, वरच्या मजल्याला हे सगळं ठीक आहे. खुशाल खा. पण हिच्या पांढऱ्या पेशी सध्या उरल्यात नावाला. चांगले असले तरी ते जिवंत जंतूच. आतड्याचं अस्तर औषधानं सोललंय. तिथून ते रक्तात उतरले, तर त्यांना अडवायला आत कुणी नाही. डॉक्टरीणबाईंनी स्पष्ट सांगितलंय, पेशी वाढेपर्यंत जिवंत काही पोटात जायला नको. दही नाही, ताक नाही, आणि कॅप्सूल तर नाहीच नाही."

तनयाचा चेहरा उतरला.

"पण मामी तर कॅप्सूल घेतेय," ती हळूच म्हणाली. "रविवारपासून. तू औषधं आणायला गेला होतास, तेव्हा मी दिल्या."

श्रीधरराव उठले. आतल्या खोलीत मंदाकिनीबाई डोक्याला रुमाल बांधून भिंतीला टेकून बसल्या होत्या. सगळं ऐकू आलंच होतं. त्यांनी उशीखालून कॅप्सूलची बाटली काढून पलंगाच्या कडेवर ठेवली.

"किती घेतल्यास?"

"चार."

श्रीधररावांनी थर्मामीटर बायकोच्या हातात दिला आणि फोन लावला. डॉक्टर बाह्यरुग्ण विभागात होत्या. फोन घेईपर्यंत दोन मिनिटं गेली. तेवढ्यात थर्मामीटर वाजला. अठ्ठ्याण्णव पॉइंट सहा. श्रीधररावांनी आकडा वाचला, चष्मा पुसून पुन्हा वाचला.

"थंडी वाजली का? जुलाब?" कॅप्सूलचं ऐकून डॉक्टरांनी फोनच्या स्पीकरवरून विचारलं.

"काही नाही," मंदाकिनीबाईच बोलल्या.

"ठीक. आजपासून बंद. उद्या सकाळी रक्त तपासून घ्या. ताप शंभरच्या वर गेला, तर मला फोन करत बसू नका, सरळ घेऊन या. एक मिनिट, धरा जरा." त्या पलीकडे दुसऱ्या कुणाशी तरी बोलायला लागल्या.

श्रीधरराव फोन धरून उभे राहिले. मग एकदम त्यांचा आवाज चढला.

"शिकलेली बाई तू! तीस वर्षं पोरांना विज्ञान शिकवलंस! मी इथे एकेकाला दारातून परत पाठवतोय, लोकांशी वाईटपणा घेतोय, आणि तू उशीखाली बाटली लपवतेस? का? मला एकदा विचारलं असतंस तर?"

"तर तुम्ही नाही म्हणाला असता."

"अर्थात नाही म्हणालो असतो!"

"तेच." मंदाकिनीबाईंचा आवाज बारीक होता, पण थरथरत नव्हता. "अहो, चार महिने झाले. सकाळी उठल्यापासून तुमच्या तोंडून मी एकच ऐकतेय. हे नाही, ते नाही, हात लावू नकोस, तिकडे जाऊ नकोस. ही पोरगी आली आणि म्हणाली, मामी, हे घे. कुणीतरी मला काहीतरी घे म्हणालं. चूक माझी आहे, कळतंय मला. पण मी घेतलं."

तनया दाराच्या चौकटीला धरून उभी होती. तिचे डोळे भरून आले होते.

गेल्या चार महिन्यांत श्रीधररावांचं वजन सहा किलोनं उतरलं होतं. त्याबद्दल त्यांना कुणी काही विचारलं नव्हतं, आणि त्यांच्याही ते लक्षात आलं नव्हतं. ते पलंगाच्या कडेला टेकले.

"हां, बोला," फोनमधून डॉक्टर परत आल्या. "आणखी काही?"

"डॉक्टर," त्यांनी घसा साफ केला. "एक विचारायचं राहिलंय. हिला काय काय चालतं?"

"म्हणजे?"

"म्हणजे, नाही काय ते पाठ झालंय माझं. काय खाल्लं तर चालेल, ते सांगा."

"अहो, ताजं शिजवलेलं, गरम गरम, तोंडाला रुचेल ते. बरंच काही चालतं. नाव घ्या ना तुम्ही पदार्थाचं, सांगते."

श्रीधररावांना एकही नाव सुचेना. त्यांनी बायकोकडे पाहिलं.

"भाजणीचं थालीपीठ विचारा," मंदाकिनीबाई म्हणाल्या. "लोण्याला नाही म्हणतील. तूप विचारा."