स्लायगोची पहाट

वाशीमजवळच्या अनसिंगला सकाळचे साडेनऊ वाजले की स्लायगोत पहाटेचे पाच वाजतात. आणि रोज नेमक्या त्याच वेळी शुभांगीचा फोन दुसऱ्या कॉलवर असतो, हे आठवडाभरापूर्वी गोपालच्या लक्षात आलं.

शुभांगी त्याची बायको. आयर्लंडमधल्या त्या समुद्रकाठच्या गावात ती नर्स होती. ड्युटी आटोपली की ती गोपालला फोन करायची. तिथं दुपारचे साडेतीन, इकडे रात्रीचे आठ.

"इथं रातच्या धा वाजेपर्यंत उजेड राह्यते," ती खिडकी दाखवत सांगायची. "दुकानं मात्र साहालेच बंद."

गोपालला तो उजेड बघवत नसे. इकडे लाईट गेलेली, भेंडी तोडून बोटं खाजत असलेली. आणि तिच्या बोलण्यात हटकून रविकांत यायचा. तिच्याच दवाखान्यातला, नांदेडचा. रविवारी तो सगळ्यांसाठी पोहे करायचा म्हणे.

एका रात्री जेवताना त्यानं आईला विचारलं, "आई, एवढ्या पहाटे थे कोनाशी बोलत असन?"

सोजरबाईनं भाकर मोडली. "मले काय इचारतं? तूच जाऊ देल्लं तिले. म्हातारीनं किती दिवस चूल फुकावी, थे सांग आधी."

दुसऱ्या दिवशी वाशीमच्या बाजारात भेंडीचा वाटा मोजता मोजता त्यानं साडेनऊच्या सुमारास चार वेळा फोन लावला. चारही वेळा व्यस्त. समोरचं गिऱ्हाईक उठून गेलं, तेही त्याला कळलं नाही. त्याला दिसत होती ती स्लायगोतली खिडकी, नुकतं फटफटलेलं आणि तिचं हसणं.

रात्री शुभांगीचा फोन आला तेव्हा त्यानं सरळच विचारलं.

"सकाळी पाचले कोनाशी बोलत राह्यतं?"

"हाय एक मैत्रीण."

"नाव?"

"काहून असं इचारून राह्यले तुमी?"

"रविकांत नाव हाय का मैत्रिणीचं?"

"काईही काय बोलता!"

"ऑगस्टात तुह्या नोकरीच्या कराराचे दोन वर्षं भरतात. गुपचूप घरी ये. आली का पासपोर्ट माह्याजवळ राहीन. नोकरी गेली चुलीत."

पलीकडून फोन कट झाला. सोजरबाई बाजेवर भिंतीकडे तोंड करून पडली होती.

गोपालला झोप लागली नाही. शुभांगीची जुनी वही तिच्या पेटीत होती. त्या वहीत तिच्यासोबत गेलेल्या सगळ्यांचे नंबर होते. रविकांतचाही असणार. त्यालाच फोन लावायचा, असं त्यानं ठरवलं.

सकाळी त्यानं सगळी भेंडी एकाच व्यापाऱ्याला देऊन टाकली आणि मोटारसायकल घराकडे वळवली. अंगणात आला तेव्हा साडेनऊ वाजले होते. त्यानं शुभांगीला फोन लावला. व्यस्त. तो तरातरा पेटीकडे निघाला.

तेवढ्यात घरामागून बोलण्याचा आवाज आला.

तो मागच्या दाराशी गेला. मेथीच्या वाफ्याशी सोजरबाई त्याच्याकडे पाठ करून बसली होती. शुभांगीनं जाताना ठेवलेला फोन तिच्या हातात होता. त्याच्यावर आई फक्त भजनं ऐकते, असं तो समजत होता. फोनच्या काचेत शुभांगी डोळे पुसत होती.

"रडू नको, माय," सोजरबाई हळू आवाजात म्हणत होती. "माह्या पोराले मी ओळखतो. एकदा आली का थो तुले पुन्हा जाऊ नाई देनार. तू पुढच्या दोन वर्षांच्या कागदावर आजच सही करून टाक."