सडपातळ

सकाळी आठला थोरल्या लेकीचं पित्ताशय काढलं. दुपारी सर्जनबाई फेरीवर आल्या.

"एकाएकी खाणं तोडलं होतंस का गं? पित्त साठवायचं आणि पोटात जेवण आलं की सोडायचं, हे त्या पिशवीचं काम. तू जेवलीच नाहीस, वर वजन झपाट्याने उतरवलंस. पित्त आतच साचलं आणि त्याचे खडे झाले."

आई हळूच म्हणाली, "होणाऱ्या सासूबाई म्हणाल्या होत्या, लग्नाआधी जरा बारीक हो. पोरीने चार महिने नुसत्या सूपवर काढले. दुखलं तरी 'काही नाही गं' म्हणायची."

संध्याकाळी त्याच सासूबाई भेटायला आल्या. खाटेपाशी उभ्या राहून त्यांनी तिला डोक्यापासून पायापर्यंत न्याहाळलं. टाके ओढत होते, तरी ती उशीला टेकून ताठ बसली. आता तरी 'छान दिसतेस' म्हणतील, असं तिला वाटलं.

सासूबाई तिच्या आईकडे वळल्या.



"घरी बोलून कळवतो आम्ही. धडधाकट सून हवी होती हो, ही तर फारच नाजूक निघाली."