आठव्या महिन्यातली कावीळ

सुनेचे डोळे पिवळे दिसताच हिराबाई शेळके तिला रिक्षात घालून तालुक्याच्या दवाखान्यात घेऊन आल्या. कुंदाला आठवा महिना होता. नर्सच्या नोकरीत हिराबाईंच्या डोळ्यांदेखत अशा पाच जणी गेल्या होत्या.

तरुण डॉक्टरनं रक्ताचा रिपोर्ट पाहिला. "हेपटायटिस ई. दूषित पाण्यातून झालाय. पाच दिवस ही गोळी द्या."

"अहो, आठवा महिना आहे!" नोकरीतली जुनी भीती हिराबाईंच्या तोंडून निघालीच.

"असू दे की, आजी. हा विषाणू यकृताच्या पेशीत शिरून स्वतःच्या प्रती काढतो. ज्या एन्झाइमनं काढतो, तेच ही गोळी बंद पाडते. पूर्वी गरोदर बायका दगावायच्या म्हणे."

"दगावायच्या. माझी थोरली लेक त्यातच गेली," हिराबाई ताठ मानेनं म्हणाल्या. "मग धाकटीनं, वैजयंतीनं, चौदा वर्षं प्रयोगशाळेत घालवली आणि ही गोळी शोधली."

डॉक्टर खुर्चीवरून उठून उभा राहिला.

पंधरा दिवसांत कुंदाचे डोळे निवळले. पुढच्या महिन्यात तिला मुलगी झाली. हिराबाईंनी लगेच वैजयंतीला फोन लावला.

"वैजू, ह्या खेपेला आपल्या घरातली बाई वाचली गं. तू वाचवलीस."