गच्चीवरचं पाणी

आमच्या बारा दुकानांच्या कॉम्प्लेक्सची गच्ची गळायची. भर मे महिन्यात नशिराबादच्या जब्बारभाईंनी तिच्यावर डांबर आणि फेल्टच्या डांबरी चादरींचे चार थर चढवले, पाणी वाहून जायचे पाइप बुजवले आणि तपासणीसाठी वर चार बोटं पाणी साठवलं. "दोन दिवस थांबा. खाली एक थेंब दिसला तर बठ्ठं काम, अगदी सगळं, फुकटात परत करून देईन."

दुसऱ्या दिवशी दुपारी गच्ची कोरडी ठणठणीत! जब्बारभाईंचा चेहराच पडला. "जळगावचं ऊन झालं तरी इतकं पाणी एका दिवसात आटत नाही, भाऊ!" बिचाऱ्यांनी बाराही दुकानांची छतं हातानं चाचपली. कुठेच ओल नव्हती; फक्त दुकानादुकानांत कूलर घरघरत होते आणि पाण्याची पिंपं काठोकाठ भरलेली होती.

शेवटी घाम पुसत ते माझ्या दुकानातल्या कूलरसमोर येऊन उभे राहिले, आणि त्या गार वाऱ्यात त्यांना त्यांच्याच डांबराचा वास आला.