सहावं नाव

ऐन चौदा एप्रिलच्या जयंतीच्या आठवड्यात पिंकीच्या हाती ऑफर लागली: तीन महिने गाणी न्‌ पिक्चर फुकट, फक्त मोबाईलवर कुटुंबातली सहा नावं भरायची. घरातली पाच भरली.

"पप्पा, सहावा यशवंतकाका घालू?"

नथूने तोंड भिंतीकडे फिरवलं. दोघा भावांची गायन पार्टी शहापूर-मुरबाडात गाजलेली, पण बोर्डावर कोणाचं नाव आधी, यावरून सात वर्षांपूर्वी मोडली. तेव्हापासून बोलणं बंद.

"जाऊ द्या," पिंकी म्हणाली. "नंबर पण नाय माझ्याकडं काकाचा."

नथूने भिंतीकडे बघत दहाच्या दहा आकडे घडाघडा सांगितले.

"भरलास? आता त्याचं नाव वर घे."

"किती वर?"

"माझ्या वर."