रडणारा फिरंगी

"तुम्हाला पटणार नाही, पण मी फिरंगी रडताना पाहिलाय," मी म्हणालो. दमास्कसच्या भट्टीपाशी रोटीसाठी थांबलेले सगळे हसले. फिरंग्यांना देवाने काळीज दिलंच नाही, हे आमच्याकडे शेंबडं पोरही सांगतं.

मी तसंच पुढे रेटलं. क्रूसवाल्या फिरंग्यांशी लढाई झाल्यावर प्रेतं उचलायला दुपारपुरता तह झाला होता. लुटारूंनी अंगावरचे कपडेही नेले होते. सुंता झालेलं प्रेत आमचं, न झालेलं त्यांचं, एवढीच ओळख उरली होती. मी माझ्या पोराला, मन्सूरला, शोधत होतो, एक म्हातारा फिरंगी त्याच्या लेकाला. त्याचा सापडला. तो रडला, अगदी तुमच्याआमच्यासारखा, नाक गळेपर्यंत. मी नुसता बघत राहिलो. डोळे कोरडे, हातांवर माश्या.

मग तो मोडक्या अरबीत म्हणाला, "तुम्ही लोक पूजता ती मूर्ती काढ ना झोळीतून. तिला विचार पोरगा कुठाय."

"आम्ही मूर्ती ठेवत नाही रे."

"फसवतोस कशाला? मी काय चोरतोय ती?"

मी झोळी उलटी करून दाखवली. मग तोही माझ्याबरोबर प्रेतं उलथू लागला.

"आणि सापडला मन्सूर," मी म्हणालो. "दोघांनी मिळून खड्डा खणला. मी त्याचं तोंड काब्याकडे केलं."

आता कोणी हसलं नाही. भट्टीवाल्या इद्रीसने माझी रोटी बाहेर काढली.

"थापा मारू नका, चाचा. त्याला पुरलंत, तर फिरंग्यांनी सोडलेल्या कैद्यांचा तांडा आला की वेशीवर 'मन्सूर, मन्सूर' करत कोण धावतं?"